जाळायची राहिलेली कलमं

सर कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी लोणच्याची बरणी मागायचे. खायला नव्हे, बघायला. बरणीचं फडकं सोडून आत डोकवायचे, वास घ्यायचे, आणि कडेला कुठं पांढुरका ठिपका दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. "वा! आली वाटते," म्हणायचे, जणू सासरहून लेक दिवाळीला आली आहे. घरच्या बाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढंपुढं तर सौंसरात, मध्यप्रदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, सर गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका बरण्या माळ्यावर चढवून ठेवत. रामाकोन्याला, आमच्या घरी, आईही त्यातलीच. सरांना जेवायला बोलवायचं म्हटलं की ती आधी विचारायची, "कैरीचं ठेवू की लपवू?"

सौंसरच्या कॉलेजात सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे; मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि मग त्यांच्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. ऐंशीच्या दशकाची सगळी वर्षं मी रामाकोन्याहून छोट्या लाईनच्या गाडीनं सौंसरला ये-जा केली आणि त्यांच्या हाताखाली काम केलं. कालपर्यंत "ए पोरी, ती नळी आण" म्हणणारे सर नोकरीच्या पहिल्या दिवशी "या मॅडम" म्हणाले, तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ओळखणारी माणसं अजून आहेत, आणि पुढं जे सांगायचं आहे त्यात त्यांच्या नावाला लागलेला डाग माझ्यामुळं लागलेला आहे. सर गेले, माझे बाबाही गेले. आता लिहायला हरकत नाही, असं मी स्वतःला समजावते. खरं तर ते दोघं असतानाच हे बोलायला हवं होतं.

मुलांनी सरांचं नाव "पंखाबंद" ठेवलं होतं. सर एका नळीतली बुरशी दुसऱ्या नळीत टोचायला बसले की पहिली हाक तीच असायची. वारा आला की हवेतले बीजकण उडतात, नळीत भलतंच काही पडतं. त्यामुळं मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली, दारं-खिडक्या लावून आणि पंखा बंद करून आम्ही घामानं निथळत बसायचो. सर स्पिरिटच्या दिव्यावर सुई लाल करायचे, थंड करायचे, श्वास रोखून नळीत घालायचे. त्यांच्याबरोबर आमचाही श्वास आपोआप रोखला जायचा. दर गुरुवारी बुरशीचं खाणं शिजायचं. बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळायचं, त्यात साखर घालायची आणि ते घट्ट व्हायला चायना ग्रास. प्रयोगशाळेसाठीचं अगर महाग, म्हणून सर नागपूरच्या किराणा दुकानातून खिरी-जेलीचं चायना ग्रास आणायचे. मग त्यातले जंतू मरावेत म्हणून ते सगळं प्रेशर कुकरमध्ये. वरांड्यात उकडलेल्या बटाट्यांचा वास सुटला की दुसऱ्या विभागाचे लोक दारातून विचारायचे, "आज आलुबोंडे हैं क्या, सर?"

वर्गात सर हिंदीत शिकवायचे, प्रयोगशाळेत मराठीत, आणि भांडायचे दोन्हीत. भांडण एकच. "बुरशीला वाईट म्हणू नका." आमच्या भागात संत्र्याच्या झाडाची मुळं काळी पडून झाड वाळून जायचं, त्याच्यामागं जमिनीतली एक बुरशी असायची. लोक तिला शिव्या द्यायचे. सर म्हणायचे, हीच बुरशी जंगलात पिढ्यान्‌पिढ्या पडलेली पानं आणि मेलेली मुळं खाऊन राहते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग तिच्यातली एखादी जितं झाड खायला कशी लागते? त्यांचं सगळं आयुष्य ह्या एका प्रश्नात गेलं. त्यांच्याजवळ दोन बुरश्या होत्या. एक रोगट बागेतून आणलेली. तिला ते "मारकी" म्हणायचे. दुसरी जंगलातल्या पाचोळ्याखालची, ती "गरीब". गाई-म्हशींना म्हणतात तसं. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या काढता येणार नाहीत अशा. गरीब कधी मारकी होते का, आणि होताना तिच्या आत काय बदलतं, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

ते त्यांनी वर्गात कसं समजावलं, ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. आमच्या वर्गात पांढुर्ण्याचे दोन जुळे भाऊ होते. एक रोज यायचा आणि दोघांची हजेरी लावायचा. सरांनी त्यालाच उभं केलं आणि त्या दिवशी हिंदी विसरून सरळ मराठीत घुसले.

"हे पाहा. घरात कमावता भाऊ एकच असला तर त्याले धंदा बदलता येते काय? नाही येत. घर उपाशी मरते. पण समजा, त्याले हुबेहूब जुळा झाला. आता हा एक घर चालवून राहिला. दुसरा मोकळा. तो गावभर फिरते. असे फिरणारे बहुतेक वायाच जातात, कोणाले पत्ताही लागत नाही. पण एखादा फिरता फिरता दुसऱ्याच्या घराची कडी उघडाले शिकते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"बुरशीजवळ प्रथिनं असतात. त्यातलं एक मेलेल्या पानाले बांधून ठेवणारा चिकटा कापते, तिचं पोट भरते. जितं झाड त्या प्रथिनाले ओळखते, आपली कडी लावून घेते. पण पिढ्या जाता जाता त्याची नक्कल होते. नक्कल मोकळी असते, थोडी थोडी बदलते. एक दिवस अशी बदलते की झाडाले ओळखूच येत नाही. प्रथिनांचंही खानदान असते पोट्टेहो. मेलेलं खाणारा अन् जितं खाणारा, यांच्यात एका भावाचा फरक असते."

तो जुळा नंतर नियमित यायला लागला. त्याचा भाऊही.

सरांचं घर पांढुर्ण्याला होतं. तिथं त्यांची म्हातारी आई एकटी राहायची. सर सौंसरात दोन खोल्या घेऊन राहत आणि रविवारी आईकडे जात. एकदा तिकडच्या बागांमधली माती गोळा करायला गेलो तेव्हा त्यांनी मला घरी जेवायला नेलं. आईनं माझ्या पानात आग्रहानं वाढलं आणि सरांच्या देखतच गाऱ्हाणं मांडलं.

"याच्यासाठी पोरी पाहू पाहू थकली मी, बाई. एकीच्या घरी गेलो तं हा तिच्या मायले म्हणे, तुमच्या घरचं लोणचं किती दिवस टिकते? तिचा बाप असा चिडला का विचारू नको. आता बुरशीच माही सून."

सर खाली मान घालून वरण-भात कालवत राहिले. "ते लोणचं खराबच होतं, आई," एवढंच म्हणाले.

आमचा प्रयोग दर पावसाळ्यात सुरू व्हायचा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली संत्र्याची कलमं कुंड्यांमध्ये लावायची. माती आधी वाफवून घ्यायची. उकडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवायची आणि ते दाणे मुळांशी मिसळायचे. काही कुंड्यांना मारकी, काहींना गरीब. हिवाळ्यापर्यंत मारकीची कलमं सुकून जायची, गरीब बुरशीची हिरवीगार राहायची. मग सर त्या हिरव्या कलमाच्या मुळातून गरीब बुरशी पुन्हा काढायचे, नळीत भरायचे आणि वहीत पिढी लिहायचे. पुढल्या वर्षी तीच पुन्हा नव्या कलमाला. अशी अकरा वर्षं. अकरा वर्षं ती गरीबच राहिली.

आणि होळीच्या आधी आमची होळी व्हायची. कॉलेजच्या मागं खड्डा होता. त्यात सगळी कलमं जाळायची. मेलेली आणि जगलेली, दोन्ही. हात-हात उंच झालेली, तेलकट पानांची, निरोगी कलमं आगीत घालताना आमचा शिपाई तोंड फिरवून घ्यायचा. मी दरवर्षी वाद घालायची.

"सर, गरीब बुरशीची झाडं काय म्हणून जाळायची? त्यांना काही झालं नाही ना?"

"आज नाही झालं," सर म्हणायचे. "मेलेलं तं कोणीही जाळते, मॅडम. जगलेलं जाळता आलं पाहिजे."

हा नियम मला पाठ होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

एका हिवाळ्यात सरांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले. खोलीवर एकटे पडून असायचे आणि पोरांना निरोप पाठवायचे, की नळ्यांना ऊन लागू देऊ नका. आईला कळवू देईनात. मी घरी सांगितलं तर माझी आई म्हणाली, "मंग आपण कशाले आहो?" महिनाभर तिनं बिनतेलाचा डबा दिला. मुगाची पातळ खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी. रोज सकाळी रामाकोन्याच्या स्टेशनावर मी तो मांडीवर घेऊन गाडीत बसायची. बाबा दोनदा स्वतः मोसंब्यांची पिशवी घेऊन भेटून आले. बाबा शेतकरी माणूस, पण शिकलेल्याबद्दल त्यांना फार आदर. सर बरे झाले आणि आमच्या घरी येऊन आईच्या पाया पडले. त्या दिवशी त्यांनी बरणी मागितली नाही.

त्याच वर्षी बाबांनी वरच्या वावरात संत्रा लावायचं ठरवलं. खालची बाग आजोबांच्या हातची, तिचं पाणी वरच्याच विहिरीतून पाटानं यायचं. वर साठ खड्डे खोदून, शेणखत भरून तयार झाले आणि ऐन वेळी रोपवाटिकेवाल्यानं हात वर केले. कलमं नाहीत, पुढल्या वर्षी बघू. बाबा खड्ड्यांच्या रांगेकडे बघत नुसते उभे राहायचे. आणि इकडे कॉलेजच्या मागं साठाहून जास्त हिरवी कलमं होळीची वाट बघत होती.

मी सरांना विचारलं. पहिल्यांदा ते हसले, त्यांना थट्टा वाटली. दुसऱ्यांदा "नाही" म्हणाले. तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा ते सुई दिव्यावर धरून बसले होते. माझी जीभ घरात सगळ्यात तिखट, हे आई नेहमी सांगायची. मी म्हणाले, "आमच्या घरचा डबा महिनाभर चालला सर तुम्हाला. आता आमच्या बाबांना साठ कलमं द्यायची म्हटलं की नियम आठवतो."

सुई तापून लाल झाली, पांढरी व्हायला आली. सरांनी ती खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेब चुकला की माणूस कागदाकडे बघतो तसं.

"उद्या बैलबंडी बोलवा," ते म्हणाले.

बंडी दोन दिवसांनी आली, कारण मधला सबंध रविवार सर कलमं धूत बसले होते. एकेक कलम कुंडीतून काढून, मुळांची सगळी माती सोडवून, तीन पाण्यांत धुऊन, मग मोरचूद आणि चुन्याच्या पाण्यात बुडवून. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आठवडाभर त्यांची बोटं निळी दिसत होती. पण मुळाच्या आत जे शिरलेलं असतं ते धुऊन जात नाही. हे त्यांना माहीत होतं. मलाही.

घरी मी सांगितलं, "सरांनी आपणहून दिली." मागून आणली म्हणायला कमीपणा वाटला. साहेबानं आपणहून द्यावं एवढा आपला मान आहे, असं दाखवायची हौस होती. बाबांचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहे," म्हणाले.

झाडं जोमानं वाढली. दर सोमवारी मी प्रयोगशाळेत शिरले की सर विचारायचे, "झाडं कशी आहेत?" मी म्हणायची, "छान आहेत." मग ते कामाला लागायचे. चार वर्षं हे चाललं. तो प्रश्न सर विसरले असा एकही सोमवार मला आठवत नाही.

पाचव्या वर्षी बाबांनी त्या झाडांना पहिला ताण दिला. संत्र्याला बहर यावा म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात पाणी तोडतात. झाड तहानेनं पानं मलूल करतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. सगळा मुलूख हेच करतो, आजोबाही करायचे. कुंडीतल्या कलमाला मात्र कोणी कधी ताण देत नाही. अकरा वर्षांत आम्हीही दिला नव्हता. आमची कलमं रोज संध्याकाळी पाणी पिऊन सुखात असायची, आणि त्यावरून आम्ही ठरवलं होतं की बुरशी गरीब आहे.

पाणी सोडल्यावर निम्मी झाडं फुललीच नाहीत. शेंड्याकडून काड्या वाळत आल्या. बाबा म्हणाले, ताण जास्त झाला. मी एकटीनं जाऊन एका झाडाचं मूळ उकरलं, नखानं साल खरवडली. आत काळं होतं आणि आंबूस वास येत होता. त्या सोमवारी सरांनी विचारलं, "झाडं कशी आहेत?" मी म्हणाले, "छान आहेत."

पुढचे सहा महिने मी तेच म्हणत राहिले. कशाला? भीतीनं. दुसरं कारण नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर सरांनी सगळ्यात आधी पाट बंद करायला लावला असता, कारण ही बुरशी पाण्याबरोबर वाहत जाते. पावसाळ्यानंतर त्याच पाटाच्या काठानं खालच्या बागेतली, आजोबांच्या हातची झाडं पिवळी पडायला लागली. मग बाबांनीच सांगितलं, "तुह्या सरले बोलाव. त्याच्यापेक्षा जास्त याच्यातलं कोणाले समजते?"

सर आले. वाकून मुळं उकरली, वास घेतला, सालीचे तुकडे पाकिटात भरले. आई चहा घेऊन आली तर नको म्हणाले. पाकिटं खिशात घालून सरळ स्टेशनाकडे निघाले. मला विचारलंही नाही, की सोमवारी छान कसं म्हणत होतीस.

त्या तुकड्यांमधून त्यांनी बुरशी वाढवली आणि नागपूरला एका मित्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथं प्रथिनं वेगळी करायचं यंत्र होतं. जेलीसारख्या पातळ पट्टीवर बुरशीचा अर्क ठेवायचा, वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणं पुढं सरकतात, आणि रंग दिला की निळ्या रेघा उमटतात. एक रेघ म्हणजे एक प्रथिन. तीन दिवसांनी सर परत आले ते स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत. काचेवर वाळवलेली ती पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"ही आपली जुनी गरीब. पाहा, इथं एक रेघ. अन् ही बागेतली." "दोन आहेत! मॅडम, दोन! जुळा झाला! अकरा वर्षं मी हे... जुळा झाला न हो!"

पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडत आणि हसत होता. मी इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाग कोणाची आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. काच त्यांनी हळूच टेबलावर पालथी ठेवली आणि स्टुलावर बसले.

"मला तुमच्या बाबांकडे जायचं आहे," म्हणाले.

बाबा ओसरीवर बसले होते. सर उभेच राहिले. "ही बुरशी माझी आहे," त्यांनी सांगितलं. "मी दिलेल्या कलमांमधून आली. ती कलमं जाळायची असतात. मला माहीत होतं. तरी मी दिली."

बाबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "माह्या बापानं लावलेली बाग आहे खालची," ते म्हणाले. "तुम्ही माह्या घरचं अन्न खाल्लं, सर. अन् मले हे देल्लं?"

तेच अन्न मी आधी तोंडावर फेकलं होतं. त्याच्याच बदल्यात ही कलमं घरात आली होती. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बाबा माझ्याकडे वळले.

"तुले माहीत होतं काय?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "यांना काहीच माहीत नव्हतं. देणारा मी."

तेवढ्यात बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तांब्या खाली ठेवला आणि पदर सारखा केला. सर नमस्कार करून पायऱ्या उतरले. परतीच्या गाडीला दोन तास होते. ते स्टेशनवर एकटे बसून राहिले असणार. मी गेले नाही.

बाबांनी दोन्ही बागा मुळासकट काढून जाळल्या. खालची जळायला तीन दिवस लागले. गावात व्हायचं ते बोलणं झालं. मास्तरानं प्रयोग करायला आमचं वावर वापरलं, इथपर्यंत गोष्ट गेली. बाबांनी ती कधी खोडली नाही.

त्यानंतर एका गुरुवारी मी प्रयोगशाळेत शिरले तर बटाट्यांचा वास नव्हता, तरी शेगडीवर कुकर होता. सर एकेक नळी कुकरमध्ये उभी करत होते. सगळ्या पिढ्या. गरीब, मारकी आणि बागेतली ती तिसरी.

"सर, हे काय करून राहिले?" मी ओरडले. "छापायचं आहे न हे! अकरा वर्षांचं काम आहे."

"एका पट्टीनं काही सिद्ध होत नाही. ते पुन्हा पुन्हा करावं लागते."

"मग करा ना पुन्हा."

ते कुकरचं झाकण लावत म्हणाले, "केलं तं छापावं लागते. छापायचं तं नमुना कुठला, बागेत कसा गेला, कोणी मागितला, कोणी दिला, कोणाले काय माहीत होतं, हे लिहावं लागते. तुमच्या बाबांपुढं मी खोटं बोललो, मॅडम. कागदावर नाही बोलता येत मला."

शिट्टी झाली. आम्ही दोघं ती ऐकत उभे राहिलो. त्यांनी माझ्यासाठी काय टाकून दिलं ते मला तेव्हा पूर्ण समजलं, आणि तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटल्याचा. याची लाज मला आज वाटते तेवढी तेव्हा वाटली नाही.

सरांनी बदली मागितली. अर्जात कारण काय लिहिलं कोण जाणे, पण आम्हाला ते म्हणाले, जिथं संत्रा होत नाही अशी जागा मागितली. टिकमगढ मिळालं. त्यांची आई मागच्या पावसाळ्यात वारली होती, पांढुर्ण्याचं घर त्यांनी कुलूप लावून सोडलं. निघायच्या दिवशी मी बसनं पांढुर्ण्याला गेले. बडी लाईनच्या फलाटावर ते एका ट्रंकेवर बसले होते. पोचवायला दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी एकसुद्धा नाही.

त्यांनी मला नव्या माणसाला काय काय समजावून द्यायचं ते सांगितलं. कुकरची रबर बदला. स्पिरिट मुलांच्या हाताला लागू देऊ नका. गाडी दिसायला लागली तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "सर, मी बाबांना सांगते. मी मागितली होती म्हणून. मला माहीत होतं म्हणून."

ते नाही म्हणतील, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तशी आशा होती.

"सांगा," ते म्हणाले. "पण आजच सांगा. राहिलं की राहूनच जाते."

डब्यात चढल्यावर त्यांनी हात हलवला नाही. ट्रंक सीटखाली ढकलत होते. पाचेक वर्षांनी तिकडेच ते वारले. एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

सरांना गाडीत बसवून आले त्या दिवशी रामाकोन्याला पोचेस्तोवर मी मनात वाक्यं जुळवत होते. बाबा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. समोर खालच्या बागेच्या जागी उघडं वावर दिसत होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"गेला काय थो मास्तर?"

"गेले."

"बरं झालं," बाबा म्हणाले. सुतळी बाजूला ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नोकरी लागली तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आत्ताच. "तुले त्यानं फसवलं, बेटा. तुह्यावर काय राग धरू मी? तू भोळी आहेस."

त्यांचा हात डोक्यावर होता तोवर मी हलले नाही.

"हो बाबा," मी म्हणाले.